टेबलावरचे सर्जिकल नेव्हिगेशन: थ्रीडी स्लायसर, प्लस आणि एक वेबकॅम

सर्जिकल नेव्हिगेशन म्हणजे हातातल्या अवजाराचे टोक या क्षणी रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये कुठे आहे, ते पडद्यावर दाखवणे. मेंदू, मणके, नाकाच्या पोकळ्या अशा जागी डोळ्याला पुढचे दिसत नाही, म्हणून ही सोय लागते. शस्त्रक्रियागृहातली तयार यंत्रणा महाग असते आणि तिच्या आत काय चालते ते दिसत नाही. आत काय चालते हे समजून घ्यायचे असेल, तर तीच साखळी टेबलावर उभारता येते. त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर, एक चांगला वेबकॅम, कागदावर छापलेले मार्कर आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेला एक ठोकळा पुरतो. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, रेसिडेंट डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले लोक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. ही मांडणी शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी आहे, माणसावर वापरण्यासाठी नाही. थ्रीडी स्लायसरला वैद्यकीय वापराची मान्यता नाही आणि त्याचे निर्मातेही तसे सांगतात. भारतात २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स आहेत. एप्रिल २०२० पासून वैद्यकीय कामाचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आले आहे. एथिक्स कमिटीची परवानगी आणि योग्य परवाना नसेल, तर ही साखळी फँटमच्या, म्हणजे रुग्णाऐवजी वापरायच्या नमुना ठोकळ्याच्या, पुढे नेऊ नका.

कोणते सॉफ्टवेअर काय करते

साखळीत तीन दुवे आहेत. पहिला प्लस. हा कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या पर्क लॅबने वाढवलेला संच आहे. कॅमेरा, ट्रॅकर (अवजाराची जागा टिपणारे यंत्र), अल्ट्रासाउंड यंत्र अशा उपकरणांशी तो बोलतो आणि त्यांची माहिती एकाच साच्यात बाहेर देतो. दुसरा दुवा ओपनआयजीटीलिंक, म्हणजे ही माहिती नेटवर्कवरून पाठवण्याची ठरलेली भाषा. तिचे नेहमीचे पोर्ट १८९४४. तिसरा थ्रीडी स्लायसर. त्याची सुरुवात १९९८ च्या सुमारास बोस्टनचे ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून झाली. चित्रे वाचणे, अवयवांचे मॉडेल करणे आणि सगळे एका पडद्यावर मांडणे हे त्याचे काम.

स्लायसर बसवल्यावर एक्स्टेन्शन्स मॅनेजरमधून स्लायसरआयजीटी आणि स्लायसरओपनआयजीटीलिंक ही दोन एक्स्टेन्शन घ्या आणि स्लायसर पुन्हा सुरू करा. प्लसचे तयार इन्स्टॉलर विंडोजसाठी मिळतात, त्यामुळे पहिल्या खेपेस विंडोजचा संगणक घेणे सोयीचे. बसवण्यात अडचण सहसा येत नाही. खरा वेळ पुढे जातो.

फँटम, स्टायलस आणि मार्कर

फँटम म्हणून साधारण १४० × १४० × ८० मिमीचा ठोकळा डिझाइन करा. त्यावर अर्धगोल खळगे ठेवा. सहा खळगे रजिस्ट्रेशनसाठी, म्हणजे खरा फँटम आणि चित्रातला फँटम एकमेकांशी जुळवण्यासाठी, आणि चार तपासणीसाठी. तपासणीचे चार खळगे रजिस्ट्रेशनला कधीही वापरायचे नाहीत, म्हणून त्यांच्याभोवती वेगळ्या रंगाची खूण करून ठेवा. रजिस्ट्रेशनचे खळगे एकाच पृष्ठावर गर्दी करून ठेवू नका. ठोकळ्याच्या कडांजवळ आणि वेगवेगळ्या उंचीवर पसरवा. कारण पुढे आकड्यांसह येईल.

स्टायलससाठी, म्हणजे टोकाने बिंदू दाखवायच्या अवजारासाठी, ३ मिमी जाडीची, गोलसर टोकाची धातूची विणायची सुई चांगली चालते. ती वाकत नाही आणि सहज मिळते. इथे एक बारकावा सांभाळायला हवा. टोक गोल असेल तर पिव्हट कॅलिब्रेशन (मार्करपासून टोक कुठे आहे ते काढण्याची, पुढे येणारी पायरी) टोकाच्या गोलाचा मध्य शोधते, सुईचा शेवटचा बिंदू शोधत नाही. म्हणून खळगाही ३ मिमी व्यासाचा अर्धगोल करा. मग सुईच्या गोलाचा मध्य बरोबर खळग्याच्या तोंडाच्या पातळीवर येतो आणि रजिस्ट्रेशनचा बिंदू म्हणून खळग्याच्या तोंडाचे केंद्र घेता येते. त्याऐवजी ९० अंशांचा शंकूसारखा खळगा केला, तर तोच मध्य शंकूच्या तळापासून सुमारे २.१ मिमी वर राहतो. तळाचा बिंदू घेऊन रजिस्ट्रेशन केले की ही २.१ मिमीची चूक मुकाट्याने आत शिरते.

मार्कर म्हणजे अरुकोचे काळे-पांढरे चौकोन. फँटमवर रेफरन्स (ज्याच्या संदर्भात सुईची जागा मोजायची तो मार्कर) म्हणून ६० मिमीचा आणि स्टायलसवर ४० मिमीचा घ्या. दोघांचे क्रमांक वेगळे हवेत. छापताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'पानात बसवा' हा पर्याय बंद करा आणि मोजमाप १०० टक्के ठेवा. छापून झाल्यावर काळ्या चौकोनाची बाहेरची बाजू व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि मोजलेला आकडाच प्लसच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहा. ४० मिमीचा मार्कर प्रिंटरने ३८.६ मिमीचा छापला आणि फाइलमध्ये ४० च राहिला, तर त्या मार्करची सगळी अंतरे साडेतीन टक्क्यांहून जास्त फुगतात. दोन्ही मार्कर त्याच प्रमाणात आखडले असतील तर सगळे जग सारखेच फुगते आणि १०० मिमीचे अंतर जवळजवळ १०३.६ होते.

कागद सपाट ॲक्रिलिकवर किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बुडबुडे न राहू देता चिकटवा. पुठ्ठा नको, कारण पावसाळ्यात तो वाकतो आणि वाकलेला मार्कर कोन चुकीचा सांगतो. छपाई मॅट कागदावर करा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट उमटते आणि मार्कर नाहीसा होतो. रेफरन्स मार्कर फँटमला स्क्रूने पक्का बसवा. फोमची दुहेरी टेप वापरू नका, फोम दाबला जातो आणि मार्कर हळूहळू सरकतो. स्टायलसवरही मार्कर आणि सुई यांच्यात कणभर हालचाल चालणार नाही.

कॅमेरा

१०८० रेषांचा, फोकस हाताने बांधता येईल असा वेबकॅम घ्या. ऑटोफोकस बंद करणे अत्यावश्यक आहे. फोकस हलला की लेन्सचे केंद्रांतर बदलते आणि केलेले कॅलिब्रेशन वाया जाते. एक्स्पोजरही हाताने बांधा आणि जमेल तेवढे कमी ठेवा, नाहीतर सुई हलताना चौकोनाच्या कडा पुसट होतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेची वारंवारता ५० हर्ट्झ निवडा. ६० वर राहिली तर आपल्याकडच्या दिव्यांखाली चित्रात पट्टे फिरताना दिसतात.

आडवा दृष्टिकोन साधारण ७० अंशांचा असलेला कॅमेरा ६०० मिमी अंतरावर ठेवला, तर चित्रात सुमारे ८४० मिमी रुंदीचे क्षेत्र येते आणि ४० मिमीचा मार्कर जवळपास ९० पिक्सेलचा दिसतो. याच हिशोबातून एक महत्त्वाची मर्यादा कळते. मार्करच्या आकाराच्या अंदाजात ०.३ पिक्सेलची चूक झाली, तर कॅमेऱ्यापासूनचे अंतर सुमारे २ मिमीने चुकते. आडव्या दिशेत तीच चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास राहते. म्हणजे खोलीच्या दिशेत वेबकॅम कच्चा आहे. म्हणून ज्या दिशेत अचूकता हवी, ती दिशा कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेत येऊ देऊ नका. सुई वरून खाली घालायची असेल, तर कॅमेरा डोक्यावर न ठेवता बाजूने, थोडा वर ठेवा.

कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन बुद्धिबळाच्या पटासारख्या छापील नमुन्याने करा. २० ते ३० चित्रे लागतात. पट चित्राच्या चारही कोपऱ्यांत गेला पाहिजे आणि अर्ध्याहून अधिक चित्रांत तो ३० अंशांच्या आसपास तिरका असला पाहिजे. सगळी चित्रे समोरून, मधोमध घेतली तर कॅलिब्रेशनची चूक छोटी दिसते, पण लेन्सचा कडेचा वाकडेपणा तिच्यात पकडलाच जात नाही. रिप्रोजेक्शन चूक, म्हणजे पटाचे कोपरे गणिताने जिथे यायला हवेत आणि चित्रात जिथे दिसतात त्यांतला फरक, ०.५ पिक्सेलच्या खाली आणा. कॅलिब्रेशन ज्या रिझोल्यूशनवर केले, ट्रॅकिंगही त्याच रिझोल्यूशनवर चालवा.

मार्कर कॅमेऱ्याच्या अगदी समोर, सपाट असेल तर आणखी एक अडचण येते. चौकोन थोडा डावीकडे कलला आहे की उजवीकडे, हे चार कोपऱ्यांवरून ठरत नाही. त्यामुळे पडद्यावरची सुई दोन जागांमध्ये उड्या मारते. मार्कर या समोरच्या सपाट स्थितीपासून २० ते ४० अंश तिरका ठेवला की हे थांबते.

प्लस चालू करणे

प्लसच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये ऑप्टिकल मार्कर ट्रॅकरचा नमुना असतो. तो मूळ नावाने बदलू नका, प्रत काढून तिच्यात काम करा. या फाइलमध्ये व्हिडिओ उपकरण कोणते, कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनची फाइल कुठे आहे, मार्करचा शब्दकोश (मार्करच्या नमुन्यांचा ठरलेला संच) कोणता, आणि प्रत्येक अवजाराचा मार्कर क्रमांक व मिलिमीटरमधला आकार लिहावा लागतो. शब्दकोशाची चूक फार वेळ खाते. मार्कर एका शब्दकोशातून छापला आणि फाइलमध्ये दुसरा असला, तर चित्र स्वच्छ दिसत राहते आणि ट्रॅकिंग मात्र शून्य.

सर्व्हरच्या भागात बाहेर पाठवायच्या ट्रान्सफॉर्मचे, म्हणजे एका वस्तूची दुसरीच्या संदर्भातली जागा आणि दिशा सांगणाऱ्या आकड्यांचे, नाव 'स्टायलसटूरेफरन्स' ठेवा, 'स्टायलसटूट्रॅकर' नको. फाइलमध्ये ही नावे अर्थात इंग्रजी अक्षरांत लिहायची. या निवडीला मोठा अर्थ आहे. सुईची जागा कॅमेऱ्याच्या संदर्भात पाठवली तर कॅमेऱ्याला धक्का लागताच रजिस्ट्रेशन बिघडते. फँटमवरच्या रेफरन्सच्या संदर्भात पाठवली तर कॅमेरा हलवला तरी फरक पडत नाही. शस्त्रक्रियागृहातही रुग्णाच्या डोक्याच्या क्लॅम्पला किंवा मणक्याच्या हाडाला रेफरन्स लावतात तो याचसाठी.

प्लस सर्व्हर लाँचर उघडा, तुमची फाइल असलेले फोल्डर निवडा, फाइल निवडा आणि सर्व्हर सुरू करा. मग स्लायसरमध्ये ओपनआयजीटीलिंकआयएफ मॉड्यूलमध्ये नवा कनेक्टर घ्या. प्रकार क्लायंट, होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट १८९४४, आणि 'ॲक्टिव्ह'वर खूण. काही क्षणांत डेटा मॉड्यूलमध्ये ट्रान्सफॉर्म दिसायला हवा. ट्रान्सफॉर्म्स मॉड्यूलमध्ये त्याचे आकडे सुई हलवताना बदलतात का ते पाहा. जोडणी झाली पण ट्रान्सफॉर्म आला नाही, तर बहुधा दोनपैकी एक मार्कर कॅमेऱ्याला दिसत नसतो. रेफरन्स झाकलेला असेल तरीही 'स्टायलसटूरेफरन्स' मिळणार नाही.

पिव्हट कॅलिब्रेशन

ट्रॅकरला मार्कर दिसतो, सुईचे टोक नाही. मार्करपासून टोक कुठे आहे हे पिव्हट कॅलिब्रेशनने काढायचे. पिव्हट कॅलिब्रेशन मॉड्यूलमध्ये इनपुट म्हणून 'स्टायलसटूरेफरन्स' द्या आणि आउटपुट म्हणून 'स्टायलसटिपटूस्टायलस' नावाचा नवा ट्रान्सफॉर्म. टोक एका खळग्यात रोवा आणि सुई सर्व दिशांना फिरवा. नोंदीचा काळ १५ ते २० सेकंद ठेवा. उभ्या रेषेपासून ३० ते ४५ अंशांपर्यंत झुकवा. मार्कर कॅमेऱ्याला दिसत राहील एवढे बघा आणि टोक खळग्यातून उचलू देऊ नका.

शेवटी मॉड्यूल एक आरएमएस चूक, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ, दाखवते. वेबकॅमवर ती १ मिमीच्या आसपास आली तर ठीक. अवरक्त ट्रॅकरवर ती याहून बरीच कमी हवी. मात्र हा आकडा लहान दिसला म्हणून कॅलिब्रेशन बरोबर झाले असे समजू नका. सुई जेमतेम पाच-दहा अंश फिरवली तर आरएमएस छान येतो, कारण एवढ्या थोड्या हालचालीला टोकाच्या अनेक वेगवेगळ्या जागा जवळजवळ सारख्याच जुळतात. गणिताला उत्तर मिळते, पण ते सुईच्या लांबीच्या दिशेत कित्येक मिलिमीटर चुकलेले असू शकते.

म्हणून दोन तपासण्या करा. पहिली फूटपट्टीची. मार्करच्या केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर मोजा आणि ट्रान्सफॉर्ममधल्या तीन स्थानांतर आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढा. पट्टीवर १७२ मिमी आणि पडद्यावर १७८ आले, तर मार्करचा आकार फाइलमध्ये चुकला आहे किंवा सुई पुरेशी झुकवलेली नाही असे समजा. आरएमएस ही चूक दाखवणार नाही. दुसरी तपासणी पुनरावृत्तीची. कॅलिब्रेशन तीनदा करा आणि तिन्ही वेळा निघालेले टोक १ मिमीच्या आत जुळते का पाहा.

यानंतर स्पिन कॅलिब्रेशन करा. टोक त्याच जागी ठेवून सुई तिच्याच अक्षाभोवती फिरवायची. यातून सुईची दिशा कळते. क्रिएट मॉडेल्स मॉड्यूलमधून सुईचे मॉडेल तयार करा, लांबी आणि त्रिज्या खऱ्या सुईएवढी द्या, आणि डेटा मॉड्यूलच्या उतरंडीत ते 'स्टायलसटिपटूस्टायलस'खाली ठेवा. तो ट्रान्सफॉर्म 'स्टायलसटूरेफरन्स'खाली ठेवा. मॉडेल उलटे, म्हणजे दांडा टोकाच्या पुढे गेलेला दिसला, तर शाफ्टची दिशा उलटी धरली गेली आहे. ती आत्ताच दुरुस्त करा.

चित्र आणि त्यावरचे बिंदू

फँटमचा सीटी मिळत असेल तर काप १ मिमी किंवा त्याहून पातळ मागा. ५ मिमीच्या कापात ३ मिमीचा खळगा धड दिसतही नाही. डायकॉम (वैद्यकीय चित्रे साठवण्याची ठरलेली पद्धत) फोल्डर स्लायसरच्या खिडकीत ओढून टाका आणि डायकॉम डेटाबेसमधून मालिका उघडा. सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड (उजळपणाची मर्यादा) लावून ठोकळ्याचे मॉडेल काढा. हाडासाठीचे थ्रेशोल्ड प्लास्टिकला चालणार नाही, ते खूप खाली आणावे लागते.

सीटी नसेल तर डिझाइनची एसटीएल फाइल थेट वापरा. यात एक सापळा आहे. स्लायसरच्या आतली अक्षे उजवी-पुढची-वरची दिशा धन मानतात. डायकॉममध्ये डावी-मागची-वरची दिशा धन असते. अलीकडची स्लायसर एसटीएल फाइल डायकॉमच्या पद्धतीची आहे असे गृहीत धरते आणि पहिल्या दोन अक्षांची चिन्हे बदलते. त्यामुळे मॉडेल उभ्या अक्षाभोवती १८० अंश फिरलेले असते. तुम्ही खळग्यांचे निर्देशांक डिझाइनच्या फाइलमधून वाचून हाताने टाकले, तर ते बिंदू मॉडेलवर बसत नाहीत. बिंदू आणि स्पर्श यांचे रजिस्ट्रेशन तरी उत्तम होते, कारण बिंदूंची आपसातली अंतरे बरोबर असतात. चुकीच्या जागी असते ते मॉडेल. ठोकळा समान बाजूंचा असेल तर हे लक्षातही येणार नाही. म्हणून फँटमच्या एका कोपऱ्यावर ठळक उंचवटा ठेवा, आणि बिंदू आकड्यांनी न टाकता थ्रीडी दृश्यात मॉडेलवरच ठेवा.

रजिस्ट्रेशन

फिड्युशियल रजिस्ट्रेशन विझार्डमध्ये दोन याद्या असतात. 'फ्रॉम' यादीत सुईने स्पर्श केलेले बिंदू, 'टू' यादीत चित्रावरचे बिंदू. निकाल 'रेफरन्सटूरास' या ट्रान्सफॉर्ममध्ये घ्या (रास म्हणजे स्लायसरची उजवी-पुढची-वरची अक्षे). याद्यांची अदलाबदल झाली तर उलटा ट्रान्सफॉर्म मिळतो आणि सुई भलतीकडे जाते. दोन्हींत खळग्यांचा क्रम एकच हवा. म्हणून फँटमवर १ ते ६ आकडे उठावदार छापा.

स्पर्शाचे बिंदू नोंदवताना 'स्टायलसटूरेफरन्स' हा 'रेफरन्सटूरास'खाली ठेवलेला नसावा. पुन्हा रजिस्ट्रेशन करताना ही चूक हमखास होते. जुना ट्रान्सफॉर्म वर तसाच असतो, नवे बिंदू त्यातून आधीच फिरून आलेले असतात, आणि निकालावर निकाल चढतो. नोंद करताना बाहेर काढा, गणित झाल्यावर आत ठेवा. टोक खळग्यात स्थिर झाल्यावर बटण दुसऱ्या माणसाने दाबावे. एकाच हाताने सुई धरून दुसऱ्या हाताने माऊस दाबला की टोक हलते.

रजिस्ट्रेशनचा प्रकार 'रिजिड', म्हणजे फक्त सरकवणे आणि फिरवणे, असा ठेवा. 'सिमिलॅरिटी' निवडल्यास सॉफ्टवेअर आकारही कमीजास्त करते आणि आकडा एकदम सुधारतो. पण सुधारतो तो मार्करच्या आकाराची चूक लपवून. दोन्ही मार्कर ३.६ टक्के चुकलेले असतील आणि खळगे केंद्रापासून ८५ मिमीवर असतील, तर रिजिडमध्ये जवळपास ३ मिमीची चूक दिसते आणि तुम्ही सावध होता. सिमिलॅरिटीमध्ये ती दिसतच नाही.

पडद्यावरचा आकडा आणि खरी चूक

विझार्ड रजिस्ट्रेशननंतर जी चूक दाखवते ती एफआरई, म्हणजे रजिस्ट्रेशनचे बिंदू एकमेकांशी किती जुळले ते. आपल्याला हवी असते टीआरई, म्हणजे लक्ष्याच्या जागी, जिथे सुई जाणार आहे तिथे, किती चूक आहे ते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकावरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. या सगळ्या कामात सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो, म्हणून इथे थोडे थांबू.

प्रत्येक बिंदू टिपताना होणाऱ्या चुकीला एफएलई म्हणतात. बिंदूंची संख्या 'न' असेल, तर सरासरी हिशोबात एफआरईचा वर्ग म्हणजे एफएलईच्या वर्गाला (१ − २/न) ने गुणून येणारा आकडा. एफएलई १ मिमी धरा. तीन बिंदूंवर एफआरई ०.५८ मिमी येते, चारांवर ०.७१ आणि सहांवर ०.८२. बिंदू वाढवत गेलात तर पडद्यावरची चूक वाढताना दिसते. खरी चूक मात्र कमी होते. बिंदूंच्या केंद्रापाशी ती तीन बिंदूंवर ०.५८ असते आणि सहांवर ०.४१. 'वाईट' बिंदू काढून टाकून आकडा सुंदर करण्याची सवय म्हणूनच धोक्याची आहे. बिंदू खरोखर चुकून टिपला गेला असेल तर तो पुन्हा टिपा. नुसता काढून टाकू नका.

दुसरा भाग बिंदूंच्या पसरटपणाचा. लक्ष्याच्या जागची चूक कशी ठरते, याचे सूत्र फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर यांनी १९९८ साली मांडले. त्यात बिंदू केंद्रापासून किती पसरले आहेत आणि लक्ष्य किती दूर आहे, या दोन्हींचा हिशोब येतो. उदाहरण घ्या. चार बिंदू ४० मिमी बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर आहेत आणि लक्ष्य त्या पातळीपासून १०० मिमी लांब, केंद्राच्या बरोबर वर आहे. एफएलई १ मिमी असेल तर लक्ष्याच्या जागी अपेक्षित चूक २.१ मिमी. तेच चार बिंदू १२० मिमी बाजूच्या चौकोनावर पसरवले तर ०.८४ मिमी. दोन्ही वेळा पडद्यावरची एफआरई ०.७१ च. कपाळावर दाटीवाटीने टिपलेले बिंदू आणि डोक्याच्या मागच्या बाजूचे लक्ष्य, ही जोडी म्हणूनच वाईट. बिंदू लक्ष्याच्या सभोवार हवेत.

बाजूला ठेवलेले चार खळगे

आता ते चार खळगे कामाला येतात. चित्रावर त्यांचे बिंदू आधीच ठेवा. सुईने प्रत्येकाला तीनदा स्पर्श करा, दर वेळी सुई उचलून पुन्हा टेकवा, आणि सुईच्या टोकाचा बिंदू व चित्रावरचा बिंदू यांच्यातले अंतर नोंदवा. बारा आकडे मिळतील. सरासरीपेक्षा त्यातला सर्वांत मोठा आकडा महत्त्वाचा, कारण शस्त्रक्रिया सरासरीवर होत नाही. काळजीपूर्वक केलेल्या वेबकॅम मांडणीत २ ते ३ मिमीची अपेक्षा ठेवा. ५ मिमी येत असतील तर कुठेतरी सुधारता येण्यासारखी चूक आहे.

ती कुठे आहे, हे चुकीच्या दिशेवरून कळते. बाराही वेळा टोक एकाच दिशेला सारख्या अंतराने सरकलेले असेल तर रेफरन्स मार्कर रजिस्ट्रेशननंतर हलला आहे. ठोकळ्याच्या एका टोकाला चूक एका दिशेत आणि दुसऱ्या टोकाला उलट्या दिशेत असेल तर रजिस्ट्रेशन फिरलेले आहे किंवा मार्करचा आकार चुकला आहे. चूक फक्त कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेत असेल तर ती खोलीची चूक. कॅमेरा जवळ आणा किंवा मार्कर मोठा करा.

एक साधी परीक्षा फार कामाची आहे. टोक एका खळग्यात ठेवा आणि सुई चारही बाजूंनी झुकवा. पडद्यावरचे टोक जागच्या जागी राहिले पाहिजे. ते वर्तुळात फिरत असेल तर पिव्हट कॅलिब्रेशन चुकले आहे, रजिस्ट्रेशनला हात लावू नका. लांब सुईवर थोडा कोनही महाग पडतो. मार्करचा कोन अर्धा अंश चुकला तर १५० मिमी दूरचे टोक १.३ मिमीने चुकते.

नेव्हिगेशनचा पडदा

आता व्हॉल्यूम रिस्लाइस ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये लाल, पिवळ्या आणि हिरव्या खिडक्यांचा ड्रायव्हर म्हणून 'स्टायलसटिपटूस्टायलस' द्या. सुई हलेल तसे सीटीचे काप बदलतील. एखादी जागा टाळायची असेल, समजा फँटममधली धमनी दाखवणारी नळी, तर तिचे मॉडेल ब्रीच वॉर्निंग मॉड्यूलला द्या. टोक आत शिरले की रंग बदलतो आणि आवाज करता येतो. मॉडेल तुमच्या मोजलेल्या सर्वांत मोठ्या चुकीएवढे फुगवून द्या. सेगमेंट एडिटरमधल्या मार्जिनने ते होते. अन्यथा इशारा मिळेल तेव्हा सुई आत गेलेली असेल.

मार्कर झाकला गेला की पडद्यावरची सुई शेवटच्या जागी थांबून राहते. ती हलत नाही म्हणजे हात स्थिर आहे असे वाटते, आणि खरी सुई पुढे गेलेली असते. स्लायसरआयजीटीतले वॉचडॉग मॉड्यूल यासाठीच आहे. त्याला 'स्टायलसटूरेफरन्स' द्या. ट्रान्सफॉर्म ताजा येणे थांबले की ते पडद्यावर इशारा देते. हे मॉड्यूल न लावता कोणालाही सुई घालायला देऊ नका, सरावातसुद्धा.

पुढे पोलॅरिस व्हेगासारखा अवरक्त ट्रॅकर मिळाला, तर प्लसच्या फाइलमधला उपकरणाचा भाग तेवढा बदलावा लागतो. त्याची निर्मात्याने दिलेली अचूकता ०.१२ मिमी आरएमएस आहे. स्लायसरमधली ट्रान्सफॉर्मची उतरंड, पिव्हट, रजिस्ट्रेशन आणि चार खळग्यांची तपासणी तशीच राहते. विद्युतचुंबकीय ट्रॅकर घेतलात तर त्याला मार्कर दिसण्याची गरज नसते, पण जवळचा धातू त्याचे क्षेत्र वाकवतो. अशा वेळी विणायच्या सुईऐवजी सेन्सर बसवता येईल असे चुंबकीय गुण नसलेले अवजार लागेल आणि लोखंडी टेबलाऐवजी लाकडी.

काम संपल्यावर दृश्य एमआरबी फाइलमध्ये साठवा. फाइलच्या नावात तारीख आणि मार्करचा मोजलेला आकार लिहा. पिव्हट कॅलिब्रेशन पुढच्या वेळी वापरता येईल, फक्त झुकवण्याची परीक्षा आधी घ्या. रेफरन्स मार्कर फँटमवरून न काढता ठेवला असेल, तर जुने रजिस्ट्रेशन चारपैकी दोन खळग्यांवर तपासून चालू शकते. मार्कर काढून पुन्हा लावला असेल, तर सहाही बिंदू नव्याने टिपा.